दुश्मनाचा फासा

करडी
१४ जुलै २०२४

चि. भय्याजीले मारोतरावचा आशीर्वाद.

पत्र पाहून हसशील. म्हणशील, भाऊजीले या वयात पत्र लिहाचं काय सुचलं. अरे बावा, फोनवर तुझ्याशी बोलाचं म्हणजे सारं गाव ऐकते, फक्त तुलेच ऐकू येत नाही. राइस मिलच्या घरघरीनं तुझे कान खाल्ले अन् मोतीबिंदूनं माझे डोळे. म्हणून मोठ्या अक्षरात लिहून राहिलो. रेघ सोडून गेलं तं समजून घेजो.

आधी तुझ्या बहिणीचं, बाईचं सांगतो. नागपूरच्या दवाखान्यात आमी दर महिन्याले जातो. पोरगा तिथं राहते म्हणून सोय आहे. पण आत पेशंटसोबत एकालेच सोडतात, तं मनिष जाते अन् मी बाहेर बाकावर थैली धरून बसतो. बाहेर आली की मी विचारतो, काय म्हणे डॉक्टर? ती म्हणते, गाठ लिंबाएवढी होती, आता बोराएवढी झाली. मनिष तवापर्यंत गाडी काढाले गेला असते. भय्याजी, मले त्या दवाखान्यातलं काहीच समजत नाही. थैली धराची, एवढंच माझ्या हातात आहे.

घरी आलो की मी तिच्या तोंडाकडं पाहत बसतो. औंदा धानाच्या बांध्या ठेक्यानं देल्या, तं मले कामही नाही. ती वैतागली. म्हणे, मले असं पाहू नका, मी काय टीव्ही आहे? हे ऐकून मनिषनं त्याच्याजवळची एक पेटी आणून देली. लढाईचा खेळ आहे. एकट्यानं खेळाचा. मधात किल्ला, त्याच्यावर चार रस्त्यांनी दुश्मन चालून येते, लाल, निळा, पिवळा अन् हिरवा. आपण आतमधी. एका पाळीले आपल्याले तीनच कामं करता येतात. कुठल्या तरी रस्त्यावरचा दुश्मन मागं ढकला, नाही तं भिंत दुरुस्त करा, नाही तं धान्य आणा. दुश्मन कधी संपत नाही. ठरलेल्या पाळ्या होईपर्यंत दरवाजा टिकला, की आपण जिंकलो.

नियमाचं पुस्तक इंग्रजीत. पण मोबाईलवर एक माणूस हा खेळ खेळून दाखवते. मनिषनं मोबाईल टीव्हीले जोडून देला, मी टीव्हीले नाक लावून बसतो. त्या माणसाचं तोंड कधी दिसत नाही. फक्त दोन हात. गोरे, म्हाताऱ्याचे, अंगठ्याचं नख काळं पडलेलं. खाली हिंदीत अक्षरं येतात, ती तुझी बाई वाचून दाखवते. असा आमचा वर्ग चालू आहे.

एक गोष्ट मात्र मले पटली नाही. तो हातवाला आपली चालही चालते अन् दुश्मनाचा फासाही आपणच टाकते. मी म्हटलं, ही तं बेईमानी झाली. आपणच मारणारे अन् आपणच वाचवणारे, असं कुठं असते? दुश्मनाचा फासा दुसऱ्याच हातानं पडला पाहिजे. मनिष हसला, म्हणे बाबा, हा खेळच एकट्याचा आहे. मी ऐकलं नाही. आता तुझी बाई खाटेवर बसून सुपात फासे टाकते. एक रंगाचा, त्यावरून रस्ता समजते. दुसरा ठिपक्यांचा, जितके ठिपके तितकी घरं दुश्मन पुढं. रंग मले दिसते, ठिपके दिसत नाही. ती आकडा सांगते, मी गोटी सरकवतो.

धानाची रोवणी झाली का तुमची? पत्राचं उत्तर देजो.

तुझा भाऊजी,
मारोतराव


कोंढा
३ ऑगस्ट २०२४

ती. भाऊजींच्या पायाशी भय्याजीचा नमस्कार.

पत्र पोचलं. रुपानं पाकीट आणून देलं अन् म्हणे, मामंजी, कोर्टाचं तं नाही ना काही? आमच्या घरी आता पत्र म्हणजे कोर्टाचंच असते. ती म्हणे, फोटो काढून मोबाईलवर पाठवत जा. मी म्हटलं, मग तू वाचशील. ती हसली, म्हणजे तिनं वाचलंच असतं.

रोवणी आटोपली. पाणी बरं आहे.

भाऊजी, तुमी खरंच महान आहा. एकट्यानं खेळाचा खेळ आणला अन् त्यातही माझ्या बाईले कामाले लावलं. बिमार बाईले दुश्मन बनवणारा नवरा साऱ्या भंडारा जिल्ह्यात दुसरा सापडणार नाही.

पण मले तो हातवाला फार आवडला. रुपाच्या मोबाईलवर पाह्यला. आवाज नाही आला तरी काही बिघडत नाही, हातावरून सारं समजते. गोटी उचलताना तो जरा थांबते, मग ठेवते. थांबला की समजाचं, आता चुकीची जागा अन् बरोबर जागा यातलं ठरवून राहिला. मिलमधी मी असाच माणसांच्या तोंडाकडं पाहून काम केलं.

राखीले येतो. त्या खेळाच्या नकाशाची झेरॉक्स काढून ठेवा. मी चिंचोक्यांच्या गोट्या करून इथं खेळतो. मग पाहू कोण टिकते.

बाईले सांगा, गोळ्या वेळेवर घे. बोराएवढी झाली तं चण्याएवढी होईल, अन् मग जाईल.

तुमचा,
भय्याजी


करडी
१ सप्टेंबर २०२४

चि. भय्याजीले आशीर्वाद.

राखीले येऊन गेलास, घर भरल्यासारखं झालं. पण एक सांग, तुमी भाऊबहीण मागच्या वाडीत एवढा वेळ काय करत होते? मले इथून नुसते दोन पांढरे ठिपके दिसत होते, एकमेकाले चिकटलेले. ती तुझ्या कानाशी तोंड नेऊन बोलत होती वाटते. परत आला तेव्हा तू जेवला नाही बरोबर. मी विचारलं तं म्हणे, गॅस झाला. गॅस झालेला माणूस निघताना माझ्या पाया दोनदा पडत नाही. घरी भांडण गिंडण झालं असेल तं सांग, मी रुपाशी बोलतो.

आता खेळाचं. लागोपाठ जिंकून राहिलो. काल तं दरवाज्याले खरोचही आली नाही. तू नवा आहेस, म्हणून दोन गोष्टी सांगतो, ध्यानात ठेव.

पहिली गोष्ट, दूरच्या दुश्मनामागं धावाचं नाही. पिवळा दोन घरं पुढं आला की नवा माणूस घाबरते अन् सारी कामं त्याच्यावरच उडवते. तवापर्यंत निळा दरवाज्याशी येते. पुराच्या दिवसांत आपण काय करतो? साऱ्या बांध्या वाचत नाही. कोणता मातीचा धुरा फुटू द्याचा हे आधी ठरवाचं, मग बाकीचे धरता येतात. तसंच इथं. दुसरी गोष्ट, धान्य लवकर आणून ठेवाचं. शेवटी शेवटी हात मोकळा नसते.

हे सारं मले त्या हातवाल्यानं शिकवलं, पण खरं सांगू, मी त्याच्या पुढं गेलो. तुझी बाईही म्हणते, तुमाले चांगलं जमलं. हे ती मले लग्नानंतर पहिल्यांदा म्हणाली असेल.

नागपूरले जाऊन आलो. चण्याएवढी झाली म्हणते. तुझ्या तोंडात साखर. खाणं मात्र कमी झालं, दोन घास खाते अन् ताट सरकवते. गोळ्यांनी तोंड कडू होते म्हणे. गाठ कमी होऊन राहिली तं खाणंही येईल परत.

तुझा,
मारोतराव


कोंढा
२२ सप्टेंबर २०२४

ती. भाऊजींस नमस्कार.

घरी भांडण नाही. रुपा चांगली आहे. त्या दिवशी खरंच पोट ठीक नव्हतं.

तुमी सांगतलं तसंच खेळून राहिलो. दूरच्याच्या मागं धावलो नाही, धान्य आधी आणलं, एक रस्ता सोडून देला. तरी हरलो. जितके डाव मांडले तितके हरलो. कधी लाल दरवाजा फोडते, कधी हिरवा. एकदा शेवटच्या पाळीपर्यंत पोचलो, वाटलं आता झालं, अन् फाशानं सहा देले. चिंचोके उधळून देले मी. मग रुपानं गोळा केले.

मले वाटलं, माझंच डोकं चालत नाही. म्हणून त्या हातवाल्याचे जुने व्हिडिओ काढून पाह्यले. भाऊजी, तोही हरते. जास्त करून हरतेच. चार खेळात एखादा जिंकला तं जिंकला. हरला की थोडा वेळ हात मांडीवर ठेवून बसते, मग एक एक गोटी उचलून पेटीत ठेवते, रागावत नाही. तो खेळच तसा केला आहे, की माणूस बहुतेक हरलाच पाहिजे.

मग तुमी कसे जिंकता?

वाईट मानू नका. एखादा डाव दुश्मनाचा फासा तुमीच टाकून पाहा. मनिषले नाही तं कोणाले तरी ठिपके पाहाले बसवा. आणखी काही लिहाचं होतं, पण राहू द्या.

बाईले त्रास देऊ नका. ती म्हणेल तेच जेवण करू द्या तिले, दोन घास तं दोन घास.

भय्याजी


करडी
६ ऑक्टोबर २०२४

भय्याजी,

तुझं पत्र ऐकून मले राग आला, लपवत नाही. साळ्यानं भाऊजीले खेळ शिकवावा, असे दिवस आले. तू हरतो म्हणून मी जिंकलो कसा, हे कोणतं विचारणं? मी वडिलांसोबत नांगर धरला आहे, मले कधी काय सोडाचं अन् काय धराचं, हे समजते. तू आयुष्यभर मिलचा पट्टा पाह्यला, पट्टा कधी रस्ता बदलत नाही.

पत्र तुझ्या बाईनंच मले वाचून दाखवलं. फासा तुमीच टाका, या जागी ती थांबली. मग म्हणे, भय्या लहानपणापासून हरला की रडते, तुमी मनावर घेऊ नका. पण तिचा चेहरा उतरला असं मले वाटलं. तू तिचं मन दुखवलं. बिचारी खाटेवर बसून माझ्यासाठी सूप हलवते, तिच्या हातात शक्ती नाही, अन् तू तिच्यावर शंका घेतो.

दिवाळीनंतर डोळ्याचं ऑपरेशन करून राहिलो, भंडाऱ्याले शिबिर आहे. डोळा आला की मीच फासा पाहीन, मग तुझं तोंड बंद होईल. तुझी बाई मात्र म्हणते, आता कायले घाई, उन्हाळ्यात करा. मले माहीत आहे काहून. तिले वाटते, मी शिबिरात पडलो तं तिच्याजवळ कोण राहील. मनिष येऊन राहतो म्हणाला, तरी ती मानत नाही. म्हणे, दिसून तरी काय पाहाचं आहे आता. बायकांचं असंच असते.

मारोतराव


करडी
२४ नोव्हेंबर २०२४

भय्याजी,

डोळ्याचं ऑपरेशन झालं. पट्टी काढली तेव्हा पहिल्यांदा नर्सबाईच्या कपाळावरची टिकली दिसली, इतकी लाल, की मी पाहतच राहिलो. बसनं घरी येताना कापलेल्या धानाचे भारे दिसले, भाऱ्यावर बसलेला बगळा दिसला. मी मनिषले म्हटलं, अरे एवढं सारं होतं इथं अन् मले कोणी सांगतलं नाही.

घरी आलो. तुझी बाई दारात उभी राहून वाट पाहत होती. भय्याजी, मी तिले ओळखलं नाही. एवढे महिने मी तिच्याच तोंडाकडं पाहत बसलो होतो, असं मीच तुले लिहिलं ना? मी काय पाहत होतो? तिच्या गळ्याची हाडं वर आली आहेत. डोळ्यांत पिवळेपणा आहे. बांगड्या कोपरापर्यंत चढवून ठेवल्या आहेत, खाली राहतच नाहीत. ती म्हणे, दिसते का आता? मी म्हटलं, थोडं थोडं.

का म्हटलं असेल मी असं? मलेच ठाऊक नाही. तोंडातून निघून गेलं.

दुसऱ्या दिवशी तिनंच खेळ मांडाले लावला. म्हणे, डॉक्टरनं डोळ्यावर ताण देऊ नका म्हटलं, ठिपके मीच पाहते. मी हो म्हटलं. तिनं सूप हलवलं. लाल रंग पडला, दुसऱ्या फाशावर सहा. इतक्या दुरूनही मले सहाही ठिपके चक्क दिसले. ती म्हणाली, दोन.

मी गोटी दोन घरं सरकवली. पुढच्या खेपेले पाच पडले, ती म्हणे एक. एकदा खरेच दोन पडले, तेव्हा दोनच म्हणाली. मी तो डावही जिंकलो. ती म्हणे, पाहा, तुमाले चांगलं जमते.

रात्रभर मले लिंबू, बोर अन् चणा आठवत राहिले. सकाळी मनिषले मागच्या वाडीत नेलं, दंडाले धरून विचारलं. तो रडला. म्हणे, आईनं शपथ घातली होती, बाबा. गाठ कमी झालीच नाही कधी. पावसाळ्यापासूनच कमी कराचं औषध बंद आहे. आता फक्त दुखू नये म्हणून जातो नागपूरले.

तुले माहीत होतं. राखीच्या दिवशी तिनं हेच सांगतलं ना तुले? खरं लिही, पत्र मी तिच्या हाती लागू देणार नाही. आता मी तुझ्यावर रागावणार नाही, रागावाले माझ्याजवळ काही उरलं नाही.

मारोतराव


कोंढा
१ डिसेंबर २०२४

ती. भाऊजी,

हो, मले माहीत होतं. तिनं माझ्या कानाशी तोंड आणून सांगतलं अन् मले अर्धंच ऐकू आलं. मी म्हटलं, पुन्हा सांग. तिले ते दोनदा सांगावं लागलं, भाऊजी. माझ्या कानांमुळं तिले ते दोनदा बोलावं लागलं. मग मले शपथ घातली.

फाशाचं मात्र तिनं मले सांगतलं नव्हतं. ते मी ओळखलं. आमचे बाबा पाय मोडून खाटेवर होते तेव्हा बाई त्यांच्यासोबत कवड्यांनी चौसर खेळे. समोरच्या बाजूच्या कवड्या तीच टाकत होती अन् तीच मोजत होती. बाबा रोज जिंकत. मी एकदा पाह्यलं अन् ओरडणार होतो, तं तिनं माझ्या मांडीले असा चिमटा घेतला, की मी रडलो. ती म्हणते ना, हरला की रडते, ते रडणं तेव्हाचं आहे. बाबाले समजलं होतं का, हे मले आजपर्यंत माहीत नाही. रोज जिंकत अन् रोज म्हणत, पुन्हा मांड.

तुमचं पत्र आल्यापासून जेवण जात नाही. रुपा विचारते, मी काय सांगू? मी येतो अन् बाईजवळ बसतो, एवढंच मले करता येते. ती बोलते, मले ऐकू येत नाही. मी नुसता हात धरून बसीन. मोठी मिल चालवली म्हणून गावात मिरवतो मी, अन् माझ्या बहिणीसाठी माझ्या हातानं एक काम होत नाही.

तुमाले समजलं, हे तिले सांगाचं की नाही, मले समजत नाही. सांगतलं तं ती मोडेल. नाही सांगतलं तं तिले दिवसभर खोटं बोलाचं काम, तेही आता किती दिवस जमणार. तुमी मोठे आहा, तुमीच ठरवा. पण खेळ बंद करू नका, हात जोडतो.

तुमचा,
भय्याजी


करडी
१९ जानेवारी २०२५

चि. भय्याजीले आशीर्वाद.

तू मागच्या आठवड्यात येऊन गेला, तेव्हा तिच्यासमोर काही बोलता आलं नाही, म्हणून लिहून राहिलो.

मी तिले सांगतलं नाही. सारा डिसेंबर डोळे बारीक करून विचारत राहिलो, किती पडले? ती म्हणे एक, मी एक घर चालवे. सहा दिसत अन् मी एक चालवे. सारे डाव जिंकलो. एवढी मेहनत मी कधी वखर धरून केली नाही.

एकदा नर्स तिले रक्त काढाले घेऊन गेली, तेव्हा मनिषले म्हटलं, यावेळी डॉक्टरकडं मी जातो आत. गेलो. डॉक्टरनं खुर्ची देली, चांगला माणूस आहे, हळू बोलला, मराठीत बोलला. सारं समजलं. विचारलं, काही करता येईल का? म्हणे, त्यांना दुखणार नाही एवढं पाहू. मी हो म्हटलं. बाहेर आलो तेव्हा ध्यानात आलं, की आतमधीही मी थैली छातीशी धरूनच बसलो होतो.

रोज तो हातवाला लावतो. तुझं खरं आहे, तो हरतेच. मी आता त्याचे हरलेलेच खेळ पाहतो. शेवटी तो गोट्या पेटीत कशा ठेवते, ते पाहतो. एवढंच अजून शिकाचं राहिलं आहे माझं, अन् मले शिकता येत नाही.

संक्रांतीपासून तिच्यानं सूप उचलत नाही. मी खेळ पेटीत भरून वर ठेवला होता. काल संध्याकाळी तीच म्हणाली, काढा. मी म्हटलं, फासे कोण टाकील? म्हणे, तुमी. आज मी किल्ल्यात बसते, तुमी दुश्मनाचे व्हा. मी तिच्या खाटेवर पाट ठेवून नकाशा मांडला. ती कुशीवर पडून बोटानं दाखवे, हे मागं ढकला, भिंत तशीच राहू द्या. चांगली खेळते, भय्याजी. माझ्यापेक्षा चांगली. एवढे दिवस नुसतं पाहून शिकली.

लाल रस्त्यावरचा दुश्मन दरवाज्यापासून तीन घरांवर आला होता. मी सूप हलवलं. रंग लाल पडला. अन् सहा.

ती म्हणाली, किती?

मी म्हटलं, दोन.

तिची नजर तं चांगली आहे, तुले माहीत आहे. सूप तिच्या तोंडासमोरच होतं. तिनं आधी सुपात पाह्यलं, मग माझ्याकडं पाह्यलं. मले मान वर करता आली नाही. मग तिनं बोटानं लाल गोटी हळूहळू सरकवली, एक घर, दोन घरं, अन् तिथं थांबली.

म्हणाली, "डोळा चांगला झाला म्हणाचा तुमचा."

पाट अजून तिच्या खाटेवरच आहे, डाव मोडला नाही. तू ये.

तुझा भाऊजी,
मारोतराव